वाऱ्याचा दाखला

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आमच्या खात्यातल्या निवृत्त लोकांची रीत आहे. मला घटनेपेक्षा त्या घटनेतली मी जास्त आठवते, आणि आठवली की हसू येतं. बारा-तेरा वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली होती, हुद्दा सार्जंटचा होता, पण अक्कल अजून प्रोबेशनवर होती. आता मार्कहॅमच्या कॉन्डोत आजी होऊन बसल्यावर मी त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, काय ती छाती काढून चालायची!

नावं कुणाचीच देत नाही, गावाचंही नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव होतं एवढं पुरे. नवरा मार्कहॅमला नोकरीत, मुलगी ग्वेल्फला युनिव्हर्सिटीत, आणि बढतीच्या हौसेने मी एकटी तिकडे बदली घेऊन गेलेली. एका घराच्या बेसमेंटमध्ये राहायचे. एकटीसाठी कुकर लावला की वरण तीन दिवस पुरायचं. रविवारी मुलीला फोन केला की ती म्हणायची, “आई, यू साउंड सो टायर्ड.” मी मराठीत म्हणायचे, “छे गं, मजेत आहे.” आणि फोन ठेवून उरलेलं वरण गरम करायचे.

ठाण्यात आम्ही पाच जण. एक कोठडी होती, तिच्यात बहुतेक वेळा किनाऱ्याला लागलेली कुणाची तरी जाळी आणि तरंगणारे फ्लोट ठेवलेले असायचे. सकाळी स्टेशन डायरी बघायची, रात्रीच्या नोंदी तपासायच्या, गाड्यांचं पेट्रोल लिहायचं, मग हद्दीत एक चक्कर. माझा उजवा हात म्हणजे त्याच गावात जन्मलेला एक कॉन्स्टेबल. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, सावकाश बोलणारा, आणि मला ‘सार्ज’ म्हणून हाक मारताना डोळ्यांत हसणारा. (बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं. मी ते आपल्या भाषेत लिहिते आहे.)

डायरीच्या मागच्या पानावर एका बाईच्या फोनांची वेगळी यादी असायची. ऐंशी वर्षांची विधवा, गावाबाहेर समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर एकटी राहणारी. कधी तिला पाण्यात दिवा दिसायचा, कधी शेजारचा कुत्रा हरवलेला वाटायचा. शेजार दीड किलोमीटरवर. आम्ही तिच्या नोंदीपुढे ‘किरकोळ’ असं लिहून मोकळे व्हायचो.

एप्रिलमध्ये एके सकाळी तिचा फोन मीच उचलला.

“ऑफिसर, वाऱ्याच्या दाखल्याचा माणूस खोटं बोलला आहे.”

“म्हणजे काय केलं त्याने?”

“काही केलं नाही. तेच तर सांगते आहे.”

मी ‘किरकोळ’ लिहिलं. कॉन्स्टेबलने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “सार्ज, जाऊन या. बाई बिस्किटं फार चांगली करते.”

हा वाऱ्याचा दाखला काय प्रकार आहे ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर मोठं वादळ होऊन गेलं होतं आणि पुष्कळ घरांची छपरं उडाली होती. तेव्हापासून विमा कंपन्यांनी अट घातली. समुद्राकाठच्या घराचं छप्पर भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं हवं, भिंती पायाला बोल्टने आवळलेल्या हव्यात, आणि हे सगळं परवानाधारक तपासनिसाने स्वतः माळ्यावर शिरून, प्रत्येक सांधा बघून, फोटो काढून, सही करून द्यायला हवं. दाखला नाही तर विमा नाही. या बाईच्या बाबतीत त्याच्यापुढेही एक गोष्ट होती. तिचा मुलगा दूर पश्चिमेला तेलाच्या कामावर. त्याने आईशी ठरवून टाकलं होतं की विमा आहे तोवर तू तिथे राहा, विमा गेला की घर विकायचं आणि तू शहरातल्या वृद्धांच्या निवासात जायचं. म्हणजे दाखला होता म्हणून ती त्या घरात होती.

आणि तीच बाई मला सांगत होती की तो दाखला खोटा आहे.

मी गेले. राखाडी लाकडाच्या फळ्यांचं घर, तीन बाजूंना पाणी. दार उघडलं की आधी वारा आत जायचा, मग माणूस. अरुंद बोळवजा पॅसेजमध्ये खुंटीवर मी ओला कोट अडकवला आणि स्वयंपाकघरात बसले. बाईने चहा ओतला.

“तो आला, मला म्हणाला, तुम्ही चहा ठेवा, मी वर जाऊन येतो. मी चहा घेऊन आले तर साहेब याच खुर्चीत. माळ्यावर जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर इन्सुलेशनचा गुलाबी भुसा असतो, डिअर. केसांत, भुवयांवर. याचा कोट नुकता इस्त्रीतून काढलेला.”

“तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत?”

“पाहुण्याला कसं विचारायचं? तीन कप चहा प्यायला तो. दोन तास बसला. माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं त्याने. आजकाल कोण विचारतं?”

“दाखला रद्द झाला तर तुम्हाला हे घर सोडावं लागेल, माहीत आहे ना?”

“मी म्हातारी आहे, मंद नाही.”

“मग तक्रार कशाला करता?”

तिने बशीतली बिस्किटं माझ्याकडे सरकवली. “हे छप्पर माझ्या नवऱ्याने एकट्याने बांधलं. गावात लोक म्हणायचे, बाटलीचा माणूस, याचं छप्पर काय टिकणार. तो जाऊन सहा वर्षं झाली. आता सरकारी शिक्क्याने कागद म्हणतो की काम उत्तम. पण बघितलं कुणी? न बघता चांगलं म्हटलेलं मला नको. कुणीतरी वर जाऊन बघा आणि मग काय ते म्हणा.”

हे इतकं साधं होतं की माझ्यासारख्या हुशार अधिकाऱ्याला पटणं शक्यच नव्हतं. गाडीत बसेपर्यंत मी तीन तर्क लढवले होते. पहिला, बाईला भ्रम होतो. दुसरा, पुढे विमा कंपनीवर दावा लावायची ही तयारी आहे. तिसरा माझा लाडका: गावात टोळी आहे. छपरं करणारा कंत्राटदार, तपासनीस आणि विम्याचा एजंट, तिघांची साखळी. ठाण्याच्या भिंतीवर मी किनाऱ्याचा नकाशा लावला, घरांवर टाचण्या टोचल्या आणि टाचण्यांमधून लाल दोरा ओढला. कॉन्स्टेबल रोज सकाळी कॉफी घेऊन नकाशासमोर उभा राहायचा.

“सार्ज, स्वेटर चांगला होतोय.”

कंत्राटदाराला मी दोनदा बोलावलं. तो बिचारा सरळ माणूस निघाला. त्याच्या कामाची कागदपत्रं, पट्ट्यांची खरेदी, सगळं जागच्या जागी होतं. एजंट तर तपासनिसाला आयुष्यात एकदाच भेटला होता, कुणाच्या तरी अंत्यविधीला. माझ्या दोऱ्याला टोकच सापडेना.

मधल्या काळात मी बाईकडे आणखी दोनदा जाऊन आले. पुरवणी जबाब घ्यायचा आहे असं डायरीत लिहायचे. खरं म्हणजे शनिवारी दुपारी बेसमेंटमध्ये बसवत नसे. ती मला नवऱ्याच्या गोष्टी सांगायची, मी तिला नागपूरच्या उन्हाच्या. उन्हाने डांबर वितळून चप्पल रस्त्याला चिकटते, हे तिला थापच वाटलं.

तिसऱ्या भेटीत निघताना मी कोट काढायला हात वर केला आणि चुकून वर बघितलं. खुंटीच्या बरोबर वर, छताला, माळ्यावर जायची चौकोनी झडप. तिच्यावर आणि छतावर एकाच पांढऱ्या तैलरंगाचा जाड थर, चारही कडांनी सलग. एक भेगसुद्धा नाही.

“हा रंग कधी दिला?”

“नवऱ्याने. तो गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात.”

म्हणजे सहा वर्षं ती झडप कुणी उघडलीच नव्हती. तपासनिसाच्या दाखल्यावर तारीख होती मागच्या वर्षीची, आणि सोबत माळ्याचे चार रंगीत फोटो.

“बाई, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंत?”

“मला वाटलं, तुम्ही पोलीस आहात, बघितलं असेल.”

तीनदा मी त्या झडपेखाली कोट अडकवला होता. आमच्या धंद्यात नजर खाली ठेवायची सवय लागते. पावलांचे ठसे, थोटकं, सांडलेलं काही. वर बघायला कुणी शिकवत नाही. हे मी तेव्हा स्वतःच्या समाधानासाठी म्हणाले होते. आज म्हणते की डोळे होते, पण ते बिस्किटांवर होते.

पुढचं काम मात्र झपाट्याने झालं. त्या तपासनिसाने तीन वर्षांत दिलेले अकरा दाखले मागवले. फोटो शेजारी शेजारी मांडले. एकच वाकडा खिळा चार वेगवेगळ्या घरांच्या माळ्यांवर हजर होता. आधी खरोखर तपासलेल्या घरांचे जुने फोटो तो नव्या दाखल्यांना जोडत होता. गुन्हा नोंदवला. नकाशावरचा दोरा कॉन्स्टेबलने गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला.

तपासनिसाला चौकशीला बोलावलं. साठी उलटलेला, पूर्वी जहाजांवर सुतारकाम केलेला, हात फावड्यासारखे मोठे. कोट खरंच इस्त्रीचा. त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील शेजारी बसला होता.

“कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?”

“कुणी नाही.”

“काय मिळत होतं?”

“काही नाही.”

“अकरा घरांत माणसं झोपतात! छप्पर उडालं असतं तर?”

“सही माझी आहे, सार्जंट. मी नाही म्हणतच नाही.”

दोन तास मी हेच फिरवून फिरवून विचारलं. टेबलावर हातही आपटला. सिनेमात आपटतात. माझा तळहात दुखला, त्याची पापणीही हलली नाही. गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाची चौकशी करणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मला त्याच्या कबुलीपेक्षा माझी टोळी हवी होती.

शेवटी कॉन्स्टेबलने मला बाहेर बोलावलं. “सार्ज, त्याने काय केलं ते झालं विचारून. तो वर का गेला नाही, हे विचारा ना.”

वकिलाची आणि त्याची संमती घेऊन आम्ही त्याला बाईच्या घरी नेलं. झडपेच्या कडेने सुरी फिरवून रंग कापला, झडप ढकलली, शिडी लावली. मी म्हटलं, “चढून दाखवा. तुम्ही तपासणी कशी करता ते बघायचं आहे.”

त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. वर काळा चौकोन होता. त्याचे ते मोठे हात शिडीच्या कडांना घट्ट आवळले गेले आणि शिडी भिंतीवर टकटक वाजायला लागली. तो तसाच उभा राहिला. ना वर, ना खाली.

“तीन वर्षं झाली,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “बायको गेली त्या हिवाळ्यापासून. अंधारात डोकं घातलं की श्वास कोंडतो.”

“मग परवाना परत करायचा होता!”

“परत केला असता तर सोमवारी सकाळी गाडी काढून कुठे गेलो असतो?”

मी वही खिशात घातली. माझी सोमवार ते शुक्रवारची वेळ ठरलेली होती, आणि शनिवारी मी कुठे जाते हे मला माहीत होतं.

बाई मात्र पुढे झाली. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. “उतर खाली. मूर्खा, मला सांगायचं होतंस. मी शिडी धरली असती. चहा नंतर ठेवला असता.”

जबाब त्याने स्वयंपाकघरात दिला, सलग, कुठे न अडखळता. घराबाहेरून तो सगळं नीट बघायचा, पाया, बोल्ट, खिडक्या. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. माळ्याचा रकाना तेवढा कोरा राहायचा आणि तो त्याने जुन्या फोटोंनी भरला. मग घरातल्या माणसाशी बोलत बसायचा. अकरापैकी नऊ घरांत एकटी माणसं होती. हे माझ्या नकाशावर कुठेच नव्हतं.

जुलैत खरी तपासणी झाली. शहरातून तिशीतली एक इंजिनीअर मुलगी आली. कपाळावर दिवा, गुडघ्यांना पॅड. बाईच्या घरी मीही हजर होते. ती सरसर चढून आत दिसेनाशी झाली. बाई पॅसेजमध्ये मान वर करून उभी राहिली. मी खुर्ची आणून दिली तर बसली नाही. चाळीस मिनिटं वरून फक्त सरपटण्याचा आवाज येत होता. त्याच वेळी मला वरिष्ठांचा फोन आला होता. वर्तमानपत्राला द्यायच्या टिपणात आमच्या ठाण्याचं नाव कसं घालायचं, यावर आमची चर्चा चालली होती. मी शिडीला टेकून बोलत होते.

मुलगी खाली आली. वही उघडली.

“पट्ट्या प्रत्येक वाशाला आहेत. प्रत्येक छिद्रात खिळा आहे, एकही सोडलेला नाही. पण समुद्राकडच्या बाजूचे खिळे साध्या लोखंडाचे आहेत. खाऱ्या हवेने गंजून गेलेत. बोटाने कुस्करता येतात. गावाकडच्या बाजूचे चांगले आहेत. मला दाखला देता येणार नाही.”

“खिळे नीट मारलेत ना?” बाईने विचारलं.

“हो. अगदी एका रेषेत. हात चांगला होता.”

“हात चांगला होता,” बाईने तसंच म्हटलं, आणि माझ्याकडे वळली. “हे लिहिलंत?”

मी लिहिलं. बाकीचंही लिहिलं. छप्पर उघडून समुद्राकडचे सगळे सांधे नव्याने करावे लागणार होते, आणि हिवाळ्याआधी मोकळा सुतार पंचक्रोशीत नव्हता. अकरांपैकी आठ घरं पास झाली, तीन नापास. बाकी दोघांची मुलं जवळ होती, त्यांनी निभावून नेलं. बाईच्या मुलाने पश्चिमेहून फोनवर सगळं उरकलं. सप्टेंबरात ती शहरातल्या वृद्धांच्या निवासात गेली. तिथल्या खोलीच्या खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा. मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी त्याला फ्रेम केली आणि बेसमेंटच्या भिंतीवर लावली. बघायला कुणी नव्हतं, पण लावली.

ऑक्टोबरात वादळ आलं. किनाऱ्यावर आम्ही दोन दिवस रस्त्यावर होतो. तिसऱ्या दिवशी टोकाकडे गेलो तर बाईच्या घराची समुद्राकडची अर्धी बाजू उडालेली. तिच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या जागी, वाशांचा ढीग.

कॉन्स्टेबल टोपी काढून म्हणाला, “सार्ज, तुम्ही तिचा जीव वाचवलात.”

हे मला फार आवडलं. इतकं, की दुसऱ्याच दिवशी मी तिला ते सांगायला तासभर गाडी चालवत गेले. स्वतःहून. फुलं घेऊन. माणूस किती मोठा गाढव असू शकतो हे बघायचं असेल तर युनिफॉर्ममध्ये फुलं घेऊन चाललेली ती सार्जंट बघावी.

बाई खिडकीजवळ बसली होती. मी घराचं सांगितलं. पलंगाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“गावाकडची बाजू?”

“तशीच उभी आहे. हललीसुद्धा नाही.”

“हं.” मग म्हणाली, “आत कसं होतं, डिअर? वर?”

“वर म्हणजे?”

“माळ्यावर. त्या मुलीने खिळ्यांचं सांगितलं. पण कसं दिसत होतं? नवरा तीन महिने वर होता, रोज. मला वर येऊ द्यायचा नाही, पडशील म्हणायचा. तुमच्या रिपोर्टची प्रत मुलाने मला पाठवली. त्यात लिहिलंय, ‘माळ्याची समक्ष पाहणी केली.’ सही तुमची आहे. म्हणून विचारते.”

इंजिनीअर मुलगी वर होती. मी खाली शिडीला टेकून फोनवर बोलत होते. रिपोर्टात ते वाक्य मी सवयीने घातलं होतं. घटनास्थळाच्या प्रत्येक रिपोर्टात असतं, बोटं आपोआप लिहितात. एका माणसाला ज्यासाठी मी कोर्टात उभं करणार होते, नेमकं तेच मी त्याच प्रकरणाच्या कागदांत केलं होतं. आणि मला तर श्वास कोंडण्याचंही निमित्त नव्हतं.

“मी वर गेले नव्हते,” मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फुलं बाजूला ठेवली आणि म्हणाली, “बरं. चहा घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉन्स्टेबलला घेऊन टोकावर गेले. घराभोवती अग्निशमनवाल्यांनी फीत बांधली होती. आमचाच हुद्दा वापरून आम्ही तिच्याखालून वाकून आत शिरलो. त्याने शिडी धरली.

“सार्ज, तुम्ही पडलात तर मला हे फॉर्ममध्ये कसं लिहायचं?”

“समक्ष पाहणी केली असं लिही.”

मी वर गेले. एका बाजूला उघडं आकाश आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला शाबूत उतरतं छप्पर. गुडघ्यांवर, भिजलेल्या इन्सुलेशनमधून, टॉर्च तोंडात धरून मी पहिल्या वाशापासून शेवटच्या वाशापर्यंत गेले. अर्धा तास लागला. जे बघितलं ते वहीत लिहून घेतलं. इंजिनीअर मुलीलाही ते दिसलं असणारच, पण तिच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

तिथून ठाण्यात येऊन मी रिपोर्टाला दुरुस्ती जोडली. ‘समक्ष पाहणी केली’ हे विधान चुकीचं आहे, मी माळ्यावर गेले नव्हते, असं लिहून सही केली. वरिष्ठांनी फोनवर माझी जी संभावना केली ती छापण्यासारखी नाही. हिवाळ्यात खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलाने ती दुरुस्ती वाचून दाखवली आणि कोर्टात लोक हसले. तपासनीसही हसला, पहिल्यांदाच. त्याचा परवाना कायमचा गेला, शिक्षा मात्र सौम्य झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रशस्तिपत्र परत मागवलं गेलं. ते मी फ्रेमसकट पाठवून दिलं.

या प्रकरणाने काय शिकवलं असं विचारलं तर मोठं काही सांगता येत नाही. खोटं बोलणारा माणूस शोधायचं शिक्षण मला खात्याने दिलं होतं. पण खोट्यातलं बरंचसं कुणी बोलत नाही, ते सवयीने लिहिलं जातं, चांगल्या अक्षरात, आणि लिहिणाऱ्याला रात्री छान झोप लागते. त्यानंतरच्या नोकरीत मी रिपोर्टात ‘पाहणी केली’ असं लिहिण्याआधी थांबायचे. हाताखालच्यांना वाटायचं, म्हातारीला शब्द आठवत नाही.

आणि दुसरं, जे मला खूप उशिरा समजलं. त्या बाईने घर गमावण्याची जोखीम घेऊन एकच मागणं मागितलं होतं, वर जाऊन बघा आणि काय ते सांगा. आम्ही तिला तपास दिला, न्याय दिला, जीवही वाचवून दिला. ते सोडून सगळं दिलं.

ते मी तिला, माळ्यावर जाऊन आले त्याच दिवशी दुपारी, नेऊन दिलं. खोलीत दोन खुर्च्या होत्या. मी वही उघडली.

“गावाकडच्या बाजूला सोळा वासे आहेत,” मी सांगायला लागले. “प्रत्येकावर सुतारी पेन्सिलने आकडा घातलाय. एक ते सोळा. आकड्यापुढे खिळ्यांच्या खुणा, मारला की एक रेघ.”

“तो मोजत बसायचा. लोक म्हणायचे प्यालेला असतो. मोजणारा माणूस प्यालेला असतो का?”

“चौथ्या वाशावर लिहिलंय, ‘पाऊस, काम बंद’.”

“आठवडाभर होता तो पाऊस.”

“नवव्यावर लिहिलंय, ‘इथे डोकं आपटतं’. ते मी वाचलं, पण आपटल्यानंतर.”

बाई हसली. खोकला येईपर्यंत हसली. माझ्या कपाळावरचं टेंगूळ तिने जवळ येऊन नीट बघितलं, दाखला देणाऱ्या माणसासारखं. “त्यालाही इथेच यायचं,” ती म्हणाली. “पुढे?”

“दहाव्यावर नुसत्या रेघा. अकराव्यावर आकडासुद्धा घाईत घातलाय. पेन्सिलचं टोक मोडल्यासारखं.”

“त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, छप्पर छप्पर करतोस, खाली घरात कोण राहतं ते तरी आठवतं का?” ती खिडकीकडे वळली. पार्किंग लॉटमध्ये एक गाडी मागे घेत होती, ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत बाई बघत राहिली. “दोन दिवस मी बोलले नाही त्याच्याशी. जेवण शिडीखाली ठेवायचे आणि निघून जायचे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. बाराव्यावर काय आहे?”

मी वहीत बघितलं. बघायची गरज नव्हती.

“बाराव्यावर दोनच शब्द आहेत,” मी म्हटलं. “‘आज बोलली.’”